कुणी केलं ते सांगा, मग बस हलेल

माझी नणंद अर्लीन हुडॅक हिनं आयुष्यभर एकच काम केलं. स्लेट फोर्कच्या पोरांना पिवळ्या बसमधून शाळेत न्यायचं आणि परत आणून सोडायचं. आता ती बस चालवत नाही. का चालवत नाही हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण सांगताना जो तो आवाज खाली घेतो, जणू अर्लीननं कुणाच्या घरात चोरी केलीय. मला आवाज खाली घ्यायची सवय नाही, म्हणून मीच सांगते.

अर्लीन पोरांवर कधी ओरडली नाही. बसमध्ये कुणी काही फेकलं, कुणी कुणाला मारलं, कुणी सीट फाडली, तर ती रेल्वे फाटक ओलांडल्यावर लागणाऱ्या खडीच्या मोकळ्या जागेत बस घ्यायची आणि इंजिन बंद करायची. मग थर्मासातली कॉफी ओतून घ्यायची आणि आरशात बघत म्हणायची, "कुणी केलं ते सांगा, मग बस हलेल." बस्स, एवढंच. शिक्षा नाही, घरी फोन नाही. ज्यानं केलं त्यानं "मी" म्हणायचं, उठून पुढं यायचं आणि तिच्या मागच्या पहिल्या सीटवर बसायचं. कधीकधी अर्धा तास जायचा. शाळेची घंटा होऊन जायची, पण बस हलायची नाही. आज गावात मिशा फुटलेला एकही पुरुष असा नाही जो कधी ना कधी त्या पहिल्या सीटवर बसला नाही. नगर परिषदेचा अध्यक्ष मिच फेडोर्का तर तिथं घर करून होता म्हणा.

तिचा स्वतःचा डेनीसुद्धा बसला होता. चौथीत असताना त्यानं बर्फाचा गोळा आत आणून कुणाच्या तरी कॉलरमध्ये घातला. अर्लीननं पोटच्या पोरासाठीही नियम वाकवला नाही. बस थांबली, कॉफी ओतली गेली. डेनी कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "मी, आई." सगळी बस हसली. ती हसली नाही, पण घरी आल्यावर मला म्हणाली, "पोरगं खरं बोललं गं, पॉलीन. मला वाटलं, नाही बोलणार."

हाच डेनी पुढं सैन्यात गेला आणि सरावात मेला. लढाईत नाही, हे नीट ऐका. आपल्याच देशात, आपल्याच छावणीत, आपल्याच नदीत. वरच्या डोंगरात पाऊस होऊन नदी चढली होती. चिलखती गाड्या पोहत पलीकडं न्यायचा सराव होता. डेनीच्या लेफ्टनंटनं दोनदा कळवलं की पाणी फार आहे, आज नको. पण काठावर मंडप घातला होता, राजधानीहून पाहुणे आले होते, खुर्च्या मांडून झाल्या होत्या. वरून फोन आला की गाड्या पाण्यात घाला. डेनीची गाडी मध्यावर उलटली. आत पाच पोरं होती, त्यातला एकच वर आला. त्यानंच दफनाच्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून हे सगळं सांगितलं. बिचारा सांगताना कोबीच्या भांड्याकडं बघत होता, अर्लीनकडं बघायची त्याची हिंमत नव्हती.

मग चौकशी झाली. नदी किती खोल, दोर किती जाड, गाडीचं झाकण कुठल्या बाजूनं उघडतं, सगळं त्या अहवालात होतं. फोन कुणाचा, तेवढं नव्हतं. लेफ्टनंटला घरी बसवलं. आणि त्या दिवशी त्या छावणीचा जो प्रमुख होता, मंडपात पहिल्या रांगेत बसलेला, तो जनरल वॉरन हॅल्स्टेड, त्याला पुढच्याच वर्षी बढती म्हणून चौथा तारा द्यायचं ठरलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ताटं आपटली, चर्चमध्ये जायचं सोडलं, फादरनाही चार शब्द ऐकवले. अर्लीननं मात्र चौकशी केली की हा तारा देतं कोण. कळलं की राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, पण सिनेटनं होकार दिल्याशिवाय तारा खांद्यावर चढत नाही. त्याआधी सिनेटची समिती त्या माणसाला समोर बसवते आणि उघड्यावर प्रश्न विचारते.

"म्हणजे विचारणारं कुणी आहे," ती म्हणाली.

तिला शिक्षा नको होती. पैसे नको होते. तिला एक प्रश्न त्या माणसाच्या तोंडावर, चारचौघांत विचारला जायला हवा होता की पाण्यात घाला हा हुकूम कुणाचा होता. आणि उत्तर म्हणून एक नाव हवं होतं. एवढ्यावर ती हटून बसली.

आमच्या राज्याचा सिनेटर डेव्हिन मेरिक त्याच समितीवर होता. हा माणूस आमच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दर निवडणुकीला तळलेले मासे खायला येतो आणि बाह्या वर करून वाढायलाही उभा राहतो, कॅमेरा असेल तोवर. अर्लीननं त्याला तिथंच गाठलं. त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला. "अर्लीन, मी विचारीन. माझा शब्द." त्याचे डोळेसुद्धा ओले झाले. मी शेजारीच उभी होते आणि मलाही खरं वाटलं, याचाच मला आजवर जास्त राग येतो.

सुनावणीला आम्ही दोघी वॉशिंग्टनला गेलो. पहाटेपासून कॉरिडॉरमध्ये रांग होती. त्यात निम्मी माणसं पैसे घेऊन दुसऱ्यासाठी उभी होती. दार उघडायच्या आधी सुटाबुटातले लोक आले आणि त्यांच्या जागी आत गेले. आम्हाला अगदी मागं, खांबाच्या आड जागा मिळाली. अर्लीननं डेनीचा फोटो मांडीवर उभा धरला, तर पहारेकऱ्यानं येऊन सांगितलं की फोटो वर धरता येणार नाही. तिनं तो पालथा ठेवला.

मग सुरू झालं. समितीच्या अध्यक्षांनी ठरलेले प्रश्न ठरलेल्या चालीत म्हटले. समितीनं बोलावलं तर याल का? वरिष्ठांना आवडलं नाही तरी आपलं प्रामाणिक मत सांगाल का? हॅल्स्टेड प्रत्येक प्रश्नाला "होय, सर" म्हणत गेला. लग्नात पाद्र्याच्या मागं नवरदेव म्हणतो, अगदी तसं. नंतर त्यानं मागं बसलेल्या बायकोची ओळख करून दिली, मुलींची करून दिली, जावयाची करून दिली. प्रत्येक सिनेटरला पाच मिनिटं. प्रत्येकानं त्यातलं निम्मं कुटुंबाचे आभार मानण्यात घालवलं. तुमच्या त्यागाबद्दल देश ऋणी आहे, बाईसाहेब. बाईसाहेब मान लववत होत्या. खांबाआड एक बाई मांडीवर पालथा फोटो घेऊन बसलीय, तिच्याकडं कुणाची मान वळली नाही.

मेरिकची पाळी आली तेव्हा अर्लीननं माझं मनगट धरलं. त्यानंही आभार मानले. मग विचारलं काय? "जनरल, आमच्या राज्यात तोफगोळ्यांचा जो कारखाना आहे, तसे कारखाने देशाच्या संरक्षणासाठी गरजेचे आहेत, हे तुम्हाला मान्य आहे का?"

"पूर्णपणे मान्य आहे, सिनेटर."

वेळ संपत आल्याचा दिवा लागला तेव्हा जाता जाता म्हणाला, "आणि सरावातल्या अपघातांबद्दल मला काळजी वाटते. तुमचं काय मत?"

"सुरक्षितता आमच्यासाठी सर्वांत आधी येते, सिनेटर. तपशील मी लेखी कळवीन."

"आभारी आहे," मेरिक म्हणाला. संपलं. माझं मनगट अर्लीनच्या हातात तसंच राहिलं होतं, तिची बोटं उमटली होती.

कॉरिडॉरमध्ये मी त्याला असं धरलं की त्याच्या मदतनिसांची पळापळ झाली. "मासे फुकट खाल्लेत आमचे," मी म्हटलं, "निदान ते तरी पचवून दाखवा." गावाकडच्या वाहिनीची एक पोरगी कॅमेरा घेऊन तिथं होती. कॅमेरा बघितल्यावर मेरिकला पाठीचा कणा अचानक सापडला. सिनेटमध्ये अशी रीत आहे की एकटा सिनेटरही एखादी नेमणूक अडवून धरू शकतो. त्यानं कॅमेऱ्यासमोर जाहीर केलं की या आईला उत्तर मिळेपर्यंत जनरल हॅल्स्टेडची बढती मी अडवणार.

परतीच्या वाटेवर अर्लीन इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली. "बस थांबवली त्यानं," ती म्हणाली. "आता बोलावंच लागेल."

अख्खा हिवाळा बढती अडून राहिली. अर्लीन रोज सकाळी बसवर जायच्या आधी मला विचारायची, "काही कळलं का?" मी नाही म्हणायचे. "कळेल," ती म्हणायची. "पहिल्यांदा सगळेच गप्प बसतात."

मग एके दिवशी पेपरात आलं की आमच्या कारखान्याचं काम दुप्पट होणार, नवी इमारत होणार, चारशे माणसांना नोकऱ्या मिळणार. श्रेय सिनेटर मेरिक यांचं. त्याच आठवड्यात, सुट्टी लागायच्या संध्याकाळी, सिनेटमध्ये बढतीच्या नावांची लांबलचक यादी आली, हॅल्स्टेडचं नाव त्यातच. आम्ही माझ्या घरी टीव्हीसमोर होतो. मी नूडल्स आणि कोबी परतला होता, तो ताटात निवत होता. सभागृह रिकामं. एक माणूस उभा राहिला आणि त्यानं एका दमात म्हटलं की सगळी नावं एकत्र मंजूर करावीत. खुर्चीवरचा म्हणाला, कुणाची हरकत नसल्यास. हरकत घ्यायला तिथं होतंच कोण? मेरिकची खुर्चीसुद्धा रिकामी. नावं मोठ्यानं वाचलीसुद्धा नाहीत. मी म्हटलं, झालं की काय? अर्लीननं टीव्ही बंद केला आणि ताटं उचलली.

मेरिकच्या कार्यालयातून एका पोराचा फोन आला. सिनेटरसाहेबांनी आपला मुद्दा ठामपणे पोहोचवला आहे, म्हणे. मी त्याला कुठं पोहोचवायचा ते सांगितलं.

गावाचं काय विचारता? गावाला चारशे नोकऱ्या मिळाल्या होत्या. दुकानात अर्लीन आली की लोक पावाच्या फडताळाकडं वळायचे. माझ्या स्वतःच्या मुलानं कारखान्यात अर्ज टाकला होता. मी त्याला टाकू नको म्हणाले नाही. पण मेरिकनं आम्हाला कशात गुंतवून ठेवलं ते बघा. पोराच्या मरणाची किंमत आमच्याच पोरांच्या पगारात चुकती केली त्यानं.

वसंतात नव्या इमारतीचा पाया घालायचा समारंभ ठरला. कारखान्याचं आवार खणून ठेवलेलं, गाड्या लावायला जागा नाही. म्हणून पाहुण्यांनी अग्निशमन दलाच्या हॉलवर जमायचं आणि तिथून शाळेच्या बसनं जायचं. मेरिकला ही कल्पना फार आवडली. पिवळ्या बसमध्ये जनतेसोबत फोटो. आणि प्रमुख पाहुणा कोण? चार ताऱ्यांवाला हॅल्स्टेड. तोफगोळ्यांच्या मागण्या आता त्याच्याच हाताखालून जात होत्या.

बसडेपोच्या साहेबानं अर्लीनला बाजूला घेऊन विचारलं, "हवं तर त्या दिवशी दुसऱ्या कुणाला पाठवतो."

"का? बस माझीच आहे ना?" ती म्हणाली.

मेरिकच्या माणसांनी फुलं मोजली, माइक तपासले. ड्रायव्हर कोण हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी स्वयंपाकाच्या बायकांबरोबर मागच्या सीटवर होते, मांडीवर कोबीच्या गुंडाळ्यांचा गरम ट्रे. पुढं मेरिक, त्याच्या शेजारी हॅल्स्टेड, मग मिच फेडोर्का आणि परिषदेची माणसं, कारखान्याचे मुकादम, ती वाहिनीची पोरगी. चढताना मेरिकनं ड्रायव्हरकडं बघून ठरलेलं हसू केलं आणि मग त्याचं हसू गालावरच अडकलं. पण मागून लोक चढत होते, आता उतरणार कसा?

फाटकाशी अर्लीननं कायद्याप्रमाणं बस थांबवली, दार उघडलं, गाडी येते का ऐकलं, दार लावलं आणि रूळ ओलांडले. मग तिनं बस खडीच्या जागेत घेतली आणि इंजिन बंद केलं.

तिनं थर्मास उघडला. कॉफीचा वास आला आणि पुढच्या सीटांवर बसलेल्या त्या थोराड माणसांनी, देवाशपथ सांगते, हात मांडीवर घेतले.

"काही बिघाड?" हॅल्स्टेडनं विचारलं.

"नाही," अर्लीन आरशात बघत म्हणाली. "मी डेनिस हुडॅकची आई. तुमच्या नदीत बुडाला तो. गाड्या पाण्यात घाला हा हुकूम कुणाचा होता? कुणी केलं ते सांगा, मग बस हलेल."

मेरिक अर्धवट उठला. "अर्लीन, ही वेळ नाही गं."

"तुमची वेळ तर केव्हाच गेली," ती म्हणाली. "पाच मिनिटं मिळाली होती तुम्हाला."

"बाईसाहेब," हॅल्स्टेड म्हणाला, आणि त्याचा आवाज अगदी मऊ होता, "तुमच्या दुःखात मी सहभागी आहे."

"ते तुम्ही पत्रातही लिहिलं होतं. मी ते विचारलं नाही."

मेरिकच्या मदतनिसानं मिचला कोपर मारलं. "अहो, तुम्ही अध्यक्ष ना? सांगा की तिला."

मिच घामाघूम झाला होता. अख्खा कारखाना त्याच्या डोळ्यांसमोर नाचत असणार. पण तो म्हणाला, "नियम आहे साहेब. बोलल्याशिवाय नाही हलत ती. मी एकदा जेवणाची सुट्टी होईपर्यंत बसलोय इथं." कुणी हसलं नाही. कुणी उठलंही नाही. इतके दिवस पावाच्या फडताळाकडं तोंड फिरवणारी माणसं सरळ पुढं बघत बसून राहिली.

अर्लीननं अर्धा कप संपवला. मला वाटत होतं, आता बोलेल. चौथीतलं पोरगं बोललं होतं, तर हा एवढा छातीभर पदकं लावलेला बाप्या बोलणार नाही? त्याचे ओठ हललेसुद्धा.

"याचं उत्तर मी लेखी कळवीन," हॅल्स्टेड म्हणाला.

अर्लीननं कळ ओढली. दार उघडलं. "मग चालत जा," ती म्हणाली.

तो उतरला. चकचकीत बुटांनी खडीवरून चालू लागला. मेरिक दारात घुटमळला. "अर्लीन, मी तुझ्याच बाजूला आहे."

"तुमची बाजू ती बघा, चालत निघालीय," ती म्हणाली. "पळा, नाहीतर मागं राहाल."

त्या लेखी उत्तराची वाट आम्ही अजून बघतोय. समितीनं हॅल्स्टेडला पुन्हा बोलावलं नाही. मेरिक भरघोस मतांनी निवडून आला. वाहिनीच्या पोरीची बातमी एकदा दाखवली गेली आणि मग बेसबॉलचे सामने सुरू झाले.

पण चौकशी झाली बरं का. अर्लीनची. शाळा मंडळानं तिला बोलावलं. मेरिकच्या कार्यालयातून तक्रार आली होती की ड्रायव्हरनं विनाकारण बस थांबवून प्रवाशांना रस्त्यात उतरवलं. शाळेच्या वाचनालयात, पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर सगळं गाव गुडघे पोटाशी घेऊन बसलं होतं. इथं कुणी कुणाच्या कुटुंबाचे आभार मानले नाहीत. इथं रांगेत उभं राहायला पैशाची माणसं नव्हती. मंडळाच्या सभासदांना एकेकाचं नाव घेऊन मत विचारलं, आणि प्रत्येकाला आपल्या तोंडानं, शेजाऱ्यांच्या देखत, काढा की ठेवा हे सांगावं लागलं. काढा म्हणणारे जास्त झाले. त्यातल्या दोघांची पोरं कारखान्यात आहेत. माझंही आहे, म्हणून मी त्यांना शिव्या देताना आधी स्वतःला देते.

त्या मतांच्या आधी मंडळाची अध्यक्ष ग्लेंडा स्रोका हिनं प्रश्न विचारायचे होते. ग्लेंडाही अर्लीनच्याच बसमधून शाळेत गेलेली. तिच्यापुढं प्रश्नांचा कागद होता, नाकावर चष्मा होता. तिनं पहिला प्रश्न वाचायला घेतला.

"त्या दिवशी बस थांबवायचा हुकूम कुणाचा—"

"माझा," अर्लीन म्हणाली, आणि उठून पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली.